‘खरा क्रम लेबलवर पाहावा’ : बीच बॉइजचा ‘स्माईल’ नेमका कुठे हरवला?

रीळबंद :

कॅपिटॉल रेकॉर्ड्सने १९६६-६७ च्या हिवाळ्यात एका अल्बमची सुमारे ४ लाख ६६ हजार कव्हरे छापून ठेवली होती. पुढच्या बाजूला फ्रँक होम्स या चित्रकाराने काढलेले, हसू विकणाऱ्या छोट्याशा दुकानाचे चित्र होते. मागच्या बाजूला बारा गाण्यांची नावे होती आणि त्यांच्याजवळ, वाजवण्याचा खरा क्रम लेबलवर पाहावा, अशा अर्थाची एक सूचना होती. तबकडी निघालीच नाही, त्यामुळे ते लेबल कुणालाही पाहायला मिळाले नाही. हा धागा मी त्या एका ओळीपायी काढत आहे.

हरवलेल्या अल्बमांचा विषय निघाला की ‘स्माईल’चे नाव हटकून पहिले येते, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जळालेल्या, चोरीला गेलेल्या किंवा कुणीतरी पुसून टाकलेल्या फिती येतात. मला ते चित्र चुकीचे वाटते. ‘स्माईल’च्या बऱ्याचशा फिती कोठारात शाबूत राहिल्या होत्या. कोणत्या तुकड्यामागून कोणता तुकडा यायचा हा निर्णय मात्र कुठेच नोंदलेला नव्हता. तो चोवीस वर्षांच्या एका माणसाच्या डोक्यात होता, आणि तिथे तरी तो कधी पक्का झाला होता का, याचीच मला शंका आहे.

पार्श्वभूमी बहुतेकांना माहीत असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९६४ मध्ये विमानात बसलेल्या मानसिक धक्क्यानंतर बीच बॉइज या अमेरिकी बँडचा मुख्य संगीतकार ब्रायन विल्सन याने दौरे सोडले. भाऊ डेनिस आणि कार्ल, आतेभाऊ माईक लव्ह, मित्र अल जार्डीन आणि पुढे सामील झालेला ब्रूस जॉन्स्टन हे गावोगाव गात फिरायचे. ब्रायन लॉस एंजेलिसमध्ये थांबून हॅल ब्लेन, कॅरोल के अशा कसलेल्या स्टुडिओ-वादकांना घेऊन संगीत ध्वनिमुद्रित करायचा. मे १९६६ मध्ये ‘पेट साउंड्स’ आला आणि ऑक्टोबरमध्ये ‘गुड व्हायब्रेशन्स’. साडेतीन मिनिटांचे हे गाणे फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत वेगवेगळ्या स्टुडिओंत, सुट्या तुकड्यांत मुद्रित झाले होते. नको असलेले तुकडे बाजूला ठेवून, हवे ते ब्लेडने कापून आणि चिकटवून ब्रायनने ते उभे केले. अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत ते पहिल्या क्रमांकावर गेले.

एका गाण्यात जमलेली ही रीत अख्ख्या अल्बमला लावायची, हा ‘स्माईल’मागचा विचार होता. शब्द व्हॅन डाइक पार्क्स लिहीत होता. पूर्वेच्या किनाऱ्यावरच्या प्लिमथ रॉकपासून हवाईपर्यंतची अमेरिका, बालपण आणि पंचमहाभूतांसारखी मूलतत्त्वे असे तीन मोठे धागे त्यात विणायचे होते. ऑगस्ट १९६६ ते मे १९६७ या काळात डझनावारी सत्रे झाली. मेमध्ये बँडचा प्रसिद्धीप्रमुख डेरेक टेलर याने एका ब्रिटिश साप्ताहिकात अल्बम रद्द झाल्याचे लिहिले, आणि सप्टेंबरमध्ये त्याच्या जागी ‘स्मायली स्माईल’ नावाचा, ब्रायनच्या घरीच बराचसा मुद्रित केलेला, साधा आणि काहीसा पेंगुळलेला अल्बम आला.

आता माझ्या म्हणण्याचा आधार सांगतो. ‘डू यू लाइक वर्म्स’ या गाण्यात ‘बायसिकल रायडर’ म्हणून ओळखली जाणारी एक धून आहे. तीच धून ‘हीरोज अँड व्हिलन्स’मध्ये धृपदाच्या जागी येते. ‘आय’म इन ग्रेट शेप’ बारा नावांच्या यादीत स्वतंत्र गाणे म्हणून छापलेले आहे. पण त्याच्या काही आठवडे आधी ब्रायनने पियानोवर ‘हीरोज’ म्हणून दाखवले, तेव्हा हे गाणे त्याचाच एक भाग होते. ‘बार्नयार्ड’ हा तुकडाही तेव्हा त्यातच होता. ज्या माणसाला एखादी धून कोणत्या गाण्यात राहते हेच ठरवायचे बाकी आहे, त्याच्या अल्बमचा क्रम हरवला असे तरी कसे म्हणावे? त्या यादीचे हस्ताक्षरसुद्धा ब्रायनचे नाही, असे अभ्यासक मानतात. कंपनीला छपाईसाठी काहीतरी हवे होते म्हणून ती पाठवली गेली, इतकेच मला तिच्यातून दिसते.

मतभेद असतील तर अवश्य मांडावेत.

*

उजवा कान :

धागा आवडला. मात्र ‘फिती शाबूत होत्या’ हे विधान मला फार सैल वाटते, आणि ते थोडे आवळण्याची गरज आहे.

ब्रायन काम कसे करायचा ते पाहू. वेस्टर्न किंवा गोल्ड स्टार या स्टुडिओंत वाद्यांचे मुद्रण मोजक्या, बहुधा चार ट्रॅकवर, म्हणजे फितीवरच्या स्वतंत्र पट्ट्यांवर व्हायचे. त्याचे एकत्र मिश्रण करून ते दुसऱ्या फितीच्या एका ट्रॅकवर उतरवले जायचे आणि उरलेल्या ट्रॅकवर आवाज चढायचे. कोलंबियाच्या स्टुडिओत आठ ट्रॅकचे यंत्र होते, म्हणून गायनासाठी तिथे जाणे सोयीचे होते. शेवटी सगळे मोनोमध्ये, म्हणजे एकाच वाहिनीत उतरायचे. ब्रायनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हते, त्यामुळे मोनो हेच त्याचे अंतिम रूप होते. माझे सदस्यनाव त्यावरूनच घेतलेले आहे.

या पद्धतीत एक मेख आहे. प्रत्येक पायरीला नवी फीत तयार होते आणि आधीची मागे पडते. पुढच्या पिढीची फीत सापडली नाही तर आधीच्या पिढीत फक्त वाद्ये सापडतात, आवाज सापडत नाहीत. याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘स्माईल’मधल्या सर्वांत प्रसिद्ध गाण्याचेच आहे. ‘गुड व्हायब्रेशन्स’च्या वाद्यांच्या फितींचा ढीग उपलब्ध आहे, पण पूर्ण गायन असलेली बहुट्रॅक फीत हाती नाही. म्हणूनच जगभर गाजलेल्या या गाण्याचे खरे स्टिरिओ मिश्रण कित्येक दशके होऊ शकले नाही. २०१२ मध्ये जे निघाले, ते मोनो फितीतून संगणकाच्या मदतीने आवाज विलग करून केलेले आहे. एखादे गाणे अब्जावधी वेळा वाजलेले असू शकते आणि तरीही हरवलेले असू शकते, हे या प्रकरणाने मला शिकवले.

तेव्हा माझ्या मते ‘हरवले’ या एका शब्दाखाली आपण तीन निराळ्या गोष्टी कोंबत आहोत. काही फिती खरोखर गहाळ आहेत. काही भाग कधी मुद्रितच झाले नाहीत. ‘हॉलिडेज’चे वाद्यसंगीत आहे, पण त्यावर चढायचे शब्द त्या काळी चढलेच नाहीत. ‘सर्फ्स अप’च्या पहिल्या भागाचा वाद्यवृंद आहे, दुसऱ्या भागाचा सापडत नाही. आणि तिसरी गोष्ट तुम्ही म्हणता ती, म्हणजे जे आहे त्याची जोडणी. तुमचा सगळा भर तिसऱ्यावर आहे. पहिल्या दोन गोष्टींनी ती जोडणी अवघड केली, हेही मान्य करायला हवे.

*

रीळबंद :

मान्य. ‘शाबूत’ हा शब्द मागे घेतो आणि ‘बऱ्याच अंशी उपलब्ध’ असे म्हणतो. पण तुमच्या दुसऱ्या प्रकाराबद्दल एक विचारतो. ‘हॉलिडेज’वर गायन का चढले नाही? वेळ नव्हता म्हणून, की ते गाणे कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर येणार हे ठाऊक नसताना त्यावर काय गावे हेच कळत नव्हते म्हणून? मला दुसरे कारण अधिक पटते.

*

चौथी ओळ :

क्रम, फिती, ट्रॅक हे सगळे ठीक आहे. पण अल्बम मारला कुणी, हा साधा प्रश्न या चर्चेत कुणीच विचारत नाही. नोव्हेंबर १९६६ मध्ये बँड दौऱ्यावरून परतला आणि तयार संगीतावर गायला उभा राहिला. ‘कॅबिनेसेन्स’मधल्या कावळे आणि शेतांबद्दलच्या एका ओळीचा अर्थ माईक लव्हने पार्क्सला विचारला. पार्क्सने, मला सांगता येत नाही, असे उत्तर दिले आणि थोड्याच महिन्यांत तो प्रकल्पातून बाहेर पडला. ज्या अल्बमचे शब्द एकाच माणसाला लिहिता येत होते, तो माणूस निघून गेल्यावर काय उरते? मला तरी यात गूढ असे काही दिसत नाही.

*

खर्जातला :

चौथी ओळ, ही कथा मीही वर्षानुवर्षे अशीच सांगत आलो. आता ती मला अन्यायकारक वाटते. अर्थ विचारल्यानंतर माईक लव्हने ती ओळ गायली, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. १९६९ च्या ‘२०/२०’ या अल्बमवर ‘कॅबिनेसेन्स’ आहे आणि त्यात ती ओळ त्याच्याच आवाजात ऐकू येते. न समजलेल्या ओळीचा अर्थ गायकाने विचारू नये, असा नियम मला तरी माहीत नाही.

त्या हिवाळ्यात ब्रायनच्या डोक्यावर एकाच वेळी काय काय होते ते पाहा. बँडने थकलेल्या मानधनावरून कॅपिटॉलवर दावा लावलेला होता आणि स्वतःची ‘ब्रदर रेकॉर्ड्स’ ही कंपनी काढण्याचे घाटत होते. म्हणजे ज्या कंपनीला अल्बम द्यायचा, तिच्याशीच कोर्टात भांडण चालले होते. कार्लने सैन्यभरतीला सदसद्विवेकाच्या आधारावर नकार दिल्यामुळे त्याच्यावर अटकेची पाळी आली. अंमली पदार्थांचे सेवन होतेच. आणि ज्यांच्याशी ब्रायन मनोमन स्पर्धा करत होता ते बीटल्स लंडनमध्ये ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम पुरा करत आले होते. एप्रिलमध्ये पॉल मॅकार्टनी लॉस एंजेलिसला स्टुडिओत येऊन गेला, आणि ‘व्हेजिटेबल्स’च्या ध्वनिमुद्रणात त्याने भाजी चावल्याचा आवाज दिला अशी आख्यायिका आहे. पाहुणा आनंदात परतला असेल. यजमानाच्या मनात काय आले असेल त्याची कल्पनाच केलेली बरी.

यांपैकी एकच कारण उचलून त्याला खुनी ठरवणे सोपे असते. रीळबंद यांचे म्हणणे मला यासाठी पटते की, त्यात कुणी खलनायक लागत नाही. न ठरलेल्या क्रमाला बाहेरून धक्के बसत गेले, आणि जे ठरलेलेच नव्हते ते टिकवून तरी कोण धरणार?

*

मूकवाचक :

एरवी फक्त वाचतो. आगीच्या फितीबद्दल कुणी लिहील का? ब्रायनने ती स्वतःच जाळली, असे मी कित्येक ठिकाणी वाचले आहे.

*

उजवा कान :

मूकवाचक, ती फीत जळलेली नाही.

२८ नोव्हेंबर १९६६ रोजी गोल्ड स्टारमध्ये मूलतत्त्वांपैकी अग्नीचा भाग मुद्रित झाला. त्याचे नाव ‘मिसेस ओ’लिअरीज काउ’. शिकागोची १८७१ ची मोठी आग ज्या गायीने कंदील लाथाडल्यामुळे लागली असे लोक म्हणत, तिच्यावरून हे नाव घेतलेले आहे. ब्रायनने वादकांना अग्निशमन दलाच्या टोप्या घालायला लावल्या होत्या आणि धुराचा वास यावा म्हणून स्टुडिओत बादलीमध्ये लाकडे पेटवली होती. संगीत ऐकले तर हे नाटक फाजील वाटत नाही. तंतुवाद्यांच्या घसरत्या, किंचाळणाऱ्या रेषा आणि खाली सतत बडवला जाणारा ढोल यांतून खरोखर काहीतरी पेट घेते आहे असा भास होतो. त्यानंतर स्टुडिओच्या परिसरात एक इमारत जळाली, शहरात इतरत्रही आगी लागल्या, आणि आपल्या संगीतामुळेच हे घडले असे ब्रायनच्या मनाने घेतले. फिती नष्ट केल्याचे त्याने पुढे सांगितले. पण त्या राहिल्या, आणि आज त्या कुणालाही ऐकता येतात.

मला यातली गंमत अशी वाटते की, जी फीत नष्ट केल्याचे खुद्द संगीतकार सांगत होता ती सापडली, आणि जी नष्ट करण्याचे कुणाच्या स्वप्नातही नव्हते ती ‘गुड व्हायब्रेशन्स’ची फीत मात्र सापडत नाही.

*

खर्जातला :

रद्द झाल्यानंतर ‘स्माईल’ एकदम अदृश्य झाला असाही एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात बँडने पुढची चार-पाच वर्षे तो हप्त्याहप्त्याने बाहेर काढला, आणि हे काम मुख्यतः कार्लने केले. त्याबद्दल त्याला पुरेसे श्रेय मिळत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

‘स्मायली स्माईल’मध्ये ‘विंड चाइम्स’, ‘वंडरफुल’ आणि ‘व्हेजिटेबल्स’ ही गाणी नव्याने, जवळजवळ कुजबुजत मुद्रित केलेली आहेत. कार्लने या अल्बमला बेसबॉलच्या भाषेत नाव ठेवले होते : षटकाराच्या जागी हलकेच चेंडू टेकवून एक धाव काढावी, तसा तो आहे. मला स्वतःला तो आवडतो, पण ‘स्माईल’ची वाट पाहणाऱ्याच्या हाती तो पडला तेव्हा काय वाटले असेल ते समजू शकते. अमेरिकेत तो ४१ व्या क्रमांकाच्या पुढे सरकला नाही.

१९६८ मध्ये डेनिस आणि कार्ल यांनी ‘अवर प्रेअर’ व ‘कॅबिनेसेन्स’च्या फिती काढल्या, त्यांवर आणखी आवाज चढवले आणि त्या ‘२०/२०’वर आल्या. १९७० च्या ‘सनफ्लॉवर’मधले ‘कूल, कूल वॉटर’ हे ‘लव्ह टू से दादा’ या मे १९६७ च्या तुकड्यातून वाढलेले आहे. आणि मग १९७१ मध्ये ‘सर्फ्स अप’.

या गाण्याची गोष्ट वेगळी आहे. डिसेंबर १९६६ मध्ये ब्रायनने घरी पियानोवर एकट्याने ते गायले आणि सीबीएस या दूरचित्रवाणी वाहिनीच्या कॅमेऱ्याने ते टिपले. संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइनने सादर केलेल्या त्या कार्यक्रमाचे प्रक्षेपण २५ एप्रिल १९६७ रोजी झाले. म्हणजे अल्बम रद्द झाल्याची बातमी यायच्या जेमतेम दोन आठवडे आधी देशाने त्याचे शिखर पाहून घेतले होते. चार वर्षांनी कार्लने पहिल्या भागाचा १९६६ चा वाद्यवृंद घेतला आणि त्यावर स्वतः गायला. दुसऱ्या भागासाठी ब्रायनचे जुने, पियानोसोबतचे एकट्याचे गायन घेतले. आणि शेवटी ‘चाइल्ड इज फादर ऑफ द मॅन’ या तिसऱ्याच गाण्याची धून जोडून त्यावर सर्वांचे आवाज चढवले. ब्रायन या कामापासून दूर होता. अगदी शेवटी तो येऊन सामील झाला.

रीळबंद, तुमच्या सिद्धांताला याहून चांगला पुरावा मिळणार नाही. फिती त्याच होत्या आणि क्रम लावणारा माणूस दुसरा होता. तरीही जे तयार झाले ते अपुरे किंवा परके वाटत नाही. मग तो क्रम ब्रायनच्या डोक्यातच होता असे तुम्ही का म्हणता?

*

रीळबंद :

खर्जातला, तुम्ही मला माझ्याच दोरीने बांधलेत. एका गाण्यापुरते तुमचे म्हणणे खरे आहे. ‘सर्फ्स अप’ला शब्द आणि पियानो यांचा अखंड सांगाडा होता, कार्लला फक्त मांस चढवायचे होते. ‘हीरोज अँड व्हिलन्स’ला असा सांगाडा नाही. जुलै १९६७ मध्ये निघालेली त्याची एकेरी तबकडी ऐका आणि नंतर उपलब्ध झालेले त्याचे तुकडे ऐका. त्याच साहित्यातून निदान चार निराळी गाणी होतील, आणि ब्रायनने त्यांतली एकाहून अधिक करून पाहिली होती. मे १९६७ पर्यंत तो याच गाण्याभोवती घुटमळत होता. अल्बम तिथे अडला होता असे मला वाटते. ‘गुड व्हायब्रेशन्स’मध्ये तुकडे निवडताना त्याला कुठे थांबायचे ते कळले. ‘हीरोज’मध्ये कळले नाही.

*

चौथी ओळ :

माईक लव्हबद्दलचे माझे मत मी थोडे सौम्य करतो. मात्र पार्क्स निघून गेल्याचे महत्त्व कमी लेखू नये, या मतावर ठाम आहे. त्यासाठी २००३-०४ च्या घडामोडींचा दाखला देतो.

लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये २० फेब्रुवारी २००४ रोजी ब्रायनने ‘स्माईल’ प्रथमच सलग सादर केला. त्याच्या तयारीत त्याच्या वाद्यवृंदातला डॅरियन सहानजा जुने तुकडे संगणकात भरून घेऊन त्याच्यासोबत बसत असे आणि कोणता तुकडा कशाला जोडावा हे दोघे मिळून पाहत. एका जुन्या हस्तलिखितातला एक शब्द लागेना, तेव्हा ब्रायनने इतक्या वर्षांनी व्हॅन डाइक पार्क्सला थेट फोन लावला. पार्क्स लगोलग येऊन दाखल झाला आणि शब्दांवाचून अडून राहिलेल्या जागा त्याने भरून दिल्या. ‘हॉलिडेज’ला शब्द मिळाले ते तेव्हा, सदतीस वर्षांनी. म्हणजे क्रम लागला तो शब्द लिहिणारा परत आल्यावर! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नव्याने ध्वनिमुद्रित केलेला अल्बम निघाला. त्यात सतरा गाणी तीन भागांत मांडलेली आहेत. ‘मिसेस ओ’लिअरीज काउ’ला ग्रॅमी मिळाले, ज्या तुकड्याला घाबरून त्याने फीत नष्ट केल्याचे सांगितले होते, त्याच तुकड्याने त्याला आयुष्यातले पहिले ग्रॅमी मिळवून दिले.

*

उजवा कान :

२००४ च्या अल्बमबद्दल माझे मत काहींना बोचेल, तरी लिहितो. तो सुंदर आहे आणि तो ‘स्माईल’ नाही. डेनिस १९८३ मध्ये आणि कार्ल १९९८ मध्ये गेला. त्या कोरसमधला रक्ताच्या नात्याचा रंग दुसऱ्या गायकांना आणता येत नाही, मग ते कितीही तयारीचे असोत. ब्रायनचा स्वतःचा वरच्या पट्टीतला आवाजही १९६६ चा राहिलेला नव्हता.

दुसरा मुद्दा क्रमाचा. तीन भागांची ती रचना २००३-०४ मध्ये रंगमंचासाठी केलेली आहे. १९६६ मध्ये एका बाजूला वीसेक मिनिटे मावणाऱ्या तबकडीचे दोन भाग होतात, तीन होत नाहीत. तेव्हा हाच ब्रायनच्या मनातला मूळ क्रम होता असे जे सर्रास म्हटले जाते, ते मला मान्य नाही. साठीतल्या माणसाने आपल्या चोविशीतल्या कामाला दिलेला तो अर्थ आहे.

२०११ मध्ये कॅपिटॉलने ‘द स्माईल सेशन्स’ हा पाच सीडींचा संच काढला, तेव्हा मार्क लिनेट आणि ॲलन बॉइड यांनी मूळ फितींतून अल्बमची एक अंदाजी मांडणी पहिल्या सीडीवर दिली. त्यांनीही साचा २००४ चाच घेतला. याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, पण त्यांच्यापुढे दुसरा कोणता साचा होता? त्यांच्या बाजूने एवढे नक्की सांगता येईल की त्यांनी नव्या आवाजांची भर घातली नाही. ‘बार्नयार्ड’चे शब्द हवे होते, तेव्हा ब्रायनने १९६६ मध्ये एका रेडिओ निवेदकाला पियानोवर गाणी म्हणून दाखवली होती त्या फितीतून त्याचा आवाज उचलून वाद्यांवर बसवला. हे शिवणकाम कानाला कळते, आणि ते लपवण्याचा अट्टहास केलेला नाही हे मला आवडते. संचाला सर्वोत्कृष्ट ऐतिहासिक अल्बमचे ग्रॅमी मिळाले. उरलेल्या सीडींवर सत्रेच्या सत्रे आहेत. ब्रायन वादकांना थांबवतो, लय किंचित बदलतो, पुन्हा सुरुवात करायला लावतो. तिथे तो गोंधळलेला अजिबात वाटत नाही. स्टुडिओत प्रत्येक तुकडा नेमका कसा वाजला पाहिजे हे त्याला पक्के ठाऊक होते.

*

मूकवाचक :

मग या सगळ्याच्या मधल्या काळात, म्हणजे १९७१ पासून २००४ पर्यंत, लोक ऐकत काय होते?

*

खर्जातला :

मूकवाचक, कॅसेटींवर उतरवलेल्या कॅसेटी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, नव्या कंपनीकडे गेल्यानंतर, बँडने ‘स्माईल’ पुरा करून देण्याचे कबूल केले होते, पण त्यातून काही निघाले नाही. ऐंशीच्या दशकात कोठारातून झिरपलेल्या प्रतींच्या चोरट्या तबकड्या फिरू लागल्या. प्रत्येक तबकडीवर क्रम निराळा, काहींवर गाण्यांची नावेही चुकीची. १९९३ मध्ये कंपनीने बँडच्या तीस वर्षांच्या संचात सुमारे अर्ध्या तासाचे ‘स्माईल’ अधिकृतपणे दिले, आणि चाहत्यांनी तेही कापून आपापल्या क्रमाने जोडायला घेतले. छापील लेबलच नसल्यामुळे कुणालाही चूक ठरवता येत नव्हते. ब्रायनने अर्धवट सोडलेले काम तीस वर्षे हजारो खोल्यांमध्ये चालू राहिले असे म्हटले तर ते फार भाबडे होईल का, ते तुम्हीच ठरवा.

*

रीळबंद :

भाबडे आहे, पण खोटे नाही. तीन-चार क्रम मीही लावून पाहिले आहेत. पहिली बाजू ‘अवर प्रेअर’ने उघडून ‘कॅबिनेसेन्स’वर संपवणे जमते. दुसऱ्या बाजूचा शेवट ‘सर्फ्स अप’ने होतो, याबद्दल मला कधीच शंका आली नाही. मधल्या भागाचे मात्र काहीही केले तरी ‘हीरोज अँड व्हिलन्स’ कुठेतरी अडखळते. मी त्याला आधी ठेवले तर पुढची गाणी त्याची शेपूट वाटतात, मध्ये ठेवले तर ते सगळ्यांना गिळून टाकते.

चर्चेतून माझ्या मूळ विधानात दोन दुरुस्त्या झाल्या. उजवा कान यांच्यामुळे फितींबद्दलची आणि खर्जातला यांच्यामुळे कार्लबद्दलची. चौथी ओळ यांचा पार्क्सबद्दलचा मुद्दाही मी धरून ठेवतो, कारण ‘हॉलिडेज’बद्दल वर मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कदाचित तोच आहे.

ब्रायन विल्सन ११ जून २०२५ रोजी गेला, तेव्हा आता विचारायलाही कुणी उरलेले नाही. पण जाता जाता एका फितीबद्दल सांगायचे राहिले. २०११ च्या संचाची तयारी चालू असताना १९६७ च्या उत्तरार्धातल्या ‘वाइल्ड हनी’ या अल्बमच्या सत्रांचे एक रीळ तपासले गेले, तेव्हा त्याच्या शेवटी ब्रायन एकटाच पियानोवर ‘सर्फ्स अप’ गाताना सापडला. अल्बम रद्द होऊन काही महिने झाले होते, बँड दुसऱ्याच गाण्यांच्या मागे होता, आणि ते गाणे त्या वेळच्या कुठल्याही योजनेत नव्हते. त्या रिळात त्याचा पत्ता लागायला चव्वेचाळीस वर्षे गेली. १९६६ च्या दूरचित्रवाणीवरच्या गायनापेक्षा त्याचा आवाज इथे अधिक मोकळा आहे, आणि दुसऱ्या भागात तो जराही न अडखळता शेवटपर्यंत जातो. उजवा कान, ज्या दुसऱ्या भागाचा वाद्यवृंद तुम्ही शोधता आहात, त्याच्या जागी मी सध्या हेच गायन ठेवले आहे.

*

उजवा कान :

ठेवा. पण मग तुमच्या दुसऱ्या बाजूची लांबी किती झाली, तेवढे सांगा. तबकडीवर मावली पाहिजे.